डेन गेल्यानंतरची रेकॉर्ड

दोन्ही हात डोक्यावर, हातांत फोमचे निळे डंबेल, गळ्यापर्यंत कोमट पाणी आणि आजूबाजूला तशाच हात वर करून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या, अशा अवस्थेत ग्लेनिस टॅरंटला तिचं स्वतःचं गाणं ऐकू आलं. आधी ऑर्गन आला. तो कुणाचा हे डोक्याला कळायच्या आत तिच्या डाव्या हाताची बोटं डंबेलवर दाबली जायला लागली. पहिलं, मग तिसरं, मग परत पहिलं. मग खालून बासगिटार आली, आणि ती तर तिचीच होती, तिनेच वाजवलेली, तरुणपणी, मनगटाला पट्टी बांधून. पोहण्याच्या तलावाच्या पत्र्याच्या छपराखाली ते सूर पाण्यावर आपटून वर जात होते. आता आपला आवाज येणार, ह्या सगळ्या बायकांच्या देखत. तिला अगदी लख्ख वाटलं की कुणीतरी आपली जुनी, विटलेली अंतर्वस्त्रं सेमाफोर रोडवर दोरी बांधून वाळत घातली आहेत. आपण बुडी मारावी की काय, असा विचार करत तिने श्वास घेतला. तो श्वास नेमका गाण्यातल्या जागेवर घेतला गेला. आणि त्या श्वासानंतर जो आवाज आला तो तिचा नव्हता. पुरुषाचा होता. पिकलेला, खरखरीत, सराईत. डेन मॅकआर्डल गात होता. ते गाणं केलं तेव्हा जो माणूस लंडनमध्ये होता, तो त्या गाण्यात अगदी घरच्यासारखा गात होता.

ती पाण्यातून बाहेर आली. पाण्यातला व्यायाम शिकवणारी किरा काठावरून धावत आली.

"काय हो ग्लेनिस, पायात गोळा आला का?"

"हे कोण गातंय?"

"हे होय! डेन मॅकआर्डल. नवीनच आलंय. म्हणजे आहे जुनंच, हरवलं होतं ते सापडलं म्हणे. माझी आई वेडी होती त्याच्यामागे." किराने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "आवडत नाहीये का? बदलू?"

"बदललंय की आधीच," ग्लेनिस म्हणाली आणि टॉवेल घेऊन चालायला लागली.

बसची वाट न बघता ती पायीच निघाली. उत्तरेचा गरम वारा सुटला होता आणि ओले केस मानेवर वाळून काडीसारखे होत होते. राग आला आहे असं तिला वाटत होतं, पण तो कुणावर हे ठरत नव्हतं. डेनवर रागवायची तिला सवयच नव्हती. तो गेला तेव्हाही ती रागावली नव्हती. पोर्ट ॲडलेडच्या टपालकचेरीबाहेर मीट-पायची, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्रीची गाडी लागायची, तिथे वाटाण्याच्या सुपात बुडवलेले मीट-पाय खाता खाता त्याने सांगितलं होतं की लंडनहून बोलावणं आलं आहे, पण त्याला आणि कीथलाच. गायक आणि गिटारवाला. कीथ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. ऑर्गन वाजवणारा लुबो आपल्या मातृभाषेत काहीतरी पुटपुटला. आणि ड्रम वाजवणारा वॉली, ग्लेनिसचा थोरला भाऊ, दिवसभर धक्क्यावर पोती उचलून आलेला, तो म्हणाला, "सॉस दे इकडे." बस्स. पाच जणांचा 'टिन हार्बर' बँड तिथे, त्या गाडीपाशी, उभ्या उभ्या मोडला. ग्लेनिसची जीभ पोळली होती एवढंच तिला नीट आठवत होतं. जाणारी माणसं महत्त्वाची असतात म्हणून जातात, उरणारी उरतात, ह्यात कुणाला काय विचारायचं, असंच तिला तेव्हा वाटलं होतं. नंतरही वाटत राहिलं.

करारात तिसरी रेकॉर्ड बाकी होती. कंपनीचा माणूस म्हणाला, काहीतरी करून द्या आणि मोकळे व्हा. त्याच्या आवाजात एवढीसुद्धा आशा नव्हती, आणि त्यामुळेच की काय, तिघांना एकदम हलकं वाटायला लागलं. त्यांनी धक्क्याजवळचा खलाशांचा जुना हॉल घेतला. फेब्रुवारीचा उकाडा, पत्रे तडतडायचे, बाहेर जहाजाचा भोंगा वाजला की तो थेट टेपवर. गाणार कोण, हा प्रश्न तिघांनी एकमेकांकडे बघून सोडवला. लुबोचे उच्चार कुणाला कळले नसते. वॉली गायला लागला की कुत्री पळायची. राहिली ग्लेनिस. रेकॉर्डचं नाव वॉलीने ठेवलं, 'ब्रिज अप'. बर्केनहेडचा पूल जहाजासाठी वर उचलला की दोन्ही बाजूंना गाड्या तुंबायच्या, तो पूल. "पूल वर असला की दोन्हीकडची माणसं शिव्या घालतात," तो म्हणाला होता, "पण जहाज तर जातं ना!" वेष्टनावरच्या फोटोसाठी ते पुलाच्या कठड्याशी उभे राहिले, तेव्हा फोटोवाला सारखा ओरडत होता, "अहो, जवळ या की! मधे कुणी नाहीये!" सवयीने त्यांनी मधे दोन माणसांची जागा सोडली होती.

मग छापून आलं. सिडनीच्या एका साप्ताहिकाने लिहिलं, गायक नसलेल्या बँडची गायक नसलेली रेकॉर्ड. मेलबर्नच्या एकाने लिहिलं, ही बाई गात नाही, नोटीस वाचून दाखवते. हे दुसरं वाक्य ग्लेनिसने स्वतःच इतक्या पार्ट्यांमध्ये, इतक्या जणांना, इतकी हसत हसत सांगितलं होतं की शेवटी ते तिचंच झालं. पुढे तिला बस डेपोत काम मिळालं. वायरलेसवरून ड्रायव्हरांना सूचना द्यायच्या, रस्ता बंद आहे, डावीकडून वळवा, म्हातारीला चढू द्या मग निघा. आयुष्यभर तिने ते केलं आणि एकाही ड्रायव्हरने कधी तिला 'काय म्हणालात?' असं परत विचारलं नाही. "बघा, नोटीस वाचायचीच नोकरी लागली," असं ती म्हणायची. लोक हसायचे. वॉली हसायचा नाही. दर नाताळात कोळंबी खाऊन झाली की तो ती रेकॉर्ड लावायचा. आणि सुई टेकायच्या आत ग्लेनिस उठून स्वयंपाकघरात भांडी घासायला जायची, नळ पुरा सोडून. "अगं, ऐक की एकदा," तो बाहेरून ओरडायचा. "भांडी कोण घासेल, तुझा बाप?" ती आतून ओरडायची. "तुझाही तोच आहे!" असं दरवर्षी. मग त्याच्या फुफ्फुसांत धक्क्यावर उचललेल्या ॲस्बेस्टॉसच्या पोत्यांची पांढरी धूळ बोलायला लागली आणि मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो गेला. आता ती रेकॉर्ड कुणी लावत नव्हतं, आणि भांडी एकटीची, दोन बशा.

घरी आल्यावर तिने लुबोला फोन लावला. तो आता व्हायअला गावी लिंबाची झाडं लावून राहिला होता.

"तुला माहीत होतं?"

"मला विचारलं त्यांनी," लुबो सावकाश म्हणाला. "सिडनीच्या कुठल्याशा कंपनीने जुन्या टेपा घेतल्यात. डेनच्या आवाजात पूर्ण रेकॉर्ड परत काढायची म्हणतात. मी म्हटलं, बाबांनो, गाणी तिची आणि वॉलीची. तिला विचारा. ते म्हणाले, ती नाही कशाला म्हणेल?"

"असं म्हणाले?"

"आणि मलाही वाटलं, ग्लेन, तू नाही कशाला म्हणशील? तुलाच ती कधी आवडली नाही. मला आवडायची," लुबो म्हणाला आणि एकदम लिंबांबद्दल बोलायला लागला.

तुलाच ती कधी आवडली नाही. फोन ठेवल्यावरही ते वाक्य खोलीत उभं राहिलं. खरं तर आवडली नाही असंही म्हणता येत नव्हतं, कारण तिने ती ऐकलीच नव्हती. जे छापून आलं होतं ते ऐकलं होतं. मागच्या खोलीत वॉलीचं सामान होतं, तिथे ती सापडली, कडा झिजलेली, वेष्टनावर कोळंबी खाल्लेल्या बोटांचे तेलकट डाग. ग्लेनिसने ती लावली. नळ सोडला नाही. खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून, डॉक्टरकडे बसावं तशी बसली.

पहिलं गाणं वाईट होतं. तिला बरं वाटलं, म्हणजे ते लोक खोटं बोलत नव्हते. ह्या गाण्यात ती डेनसारखी गायला बघत होती, प्रत्येक ओळीच्या शेवटी त्याच्यासारखा झोका देत होती, आणि झोका देणाऱ्याचे पाय जमिनीला घासत होते. दुसऱ्यात लुबोने उगाच रंगीत पताका लावाव्यात तसा ऑर्गन लावला होता. पण तिसऱ्यापासून काहीतरी झालं. तिसऱ्यात कुणी कुणासारखं गात नव्हतं. एक बाई सरळ आवाजात सांगत होती की नदीचं पाणी आज खारट आहे, माणसं गेलीत आणि मी इथे उभी आहे. तक्रार नाही, आर्जव नाही. बसचा रस्ता बंद आहे हे सांगावं तसं. ते ऐकताना ग्लेनिसच्या अंगावर काटा आला आणि मग लाज वाटली, स्वतःच्याच आवाजावर काटा काय यायचा? पण तो आवाज तिचा तरी कुठे होता? ती मुलगी कधीच गेली होती. तिच्याबद्दल लोकांनी वाईटसाईट लिहिलं तेव्हा तिच्या बाजूने बोलायला फक्त एक माणूस होता, आणि तिने स्वतः, ह्या इथे बसलेल्या म्हातारीने, हसणाऱ्यांत जाऊन उभं राहायचं ठरवलं होतं. मधल्या शांततेत भोंगा वाजला. लुबोचं एक बोट भलत्याच पट्टीवर पडलं, आणि त्याने ते उचललं नाही, तिथेच ठेवलं, हट्टाने, जोपर्यंत ते बरोबर वाटायला लागलं नाही तोपर्यंत.

मग 'मीठ' आलं, पहिल्या बाजूचं शेवटचं, पाण्यात ऐकलेलं तेच. शेवटच्या कडव्याआधी ड्रम थांबले. एकदम. जिन्याची पायरीच नसावी तसे. आणि ग्लेनिसला तो हॉल दिसला, घामाने काळा झालेला वॉलीचा शर्ट, वर धरलेल्या दोन काठ्या. तिचा गळा भरून आला होता. डेन गेल्यापासून ती रडली नव्हती ते नेमकं तिथे, कडव्याच्या तोंडावर. आता सगळं फसणार, म्हणून तिने भावाकडे बघितलं. वॉली ताल धरून पुढे गेला असता तर ती मागे राहिली असती. तो गेला नाही. तो काठ्या हवेत धरून तिच्याकडे बघत राहिला, घाई नसलेल्या बैलासारखा. तिने आवंढा गिळला, आणि गायली. मग काठ्या खाली आल्या. रेकॉर्डवर तो एवढासा खड्डा होता. छापणाऱ्यांनी त्याला 'ढिसाळ' म्हटलं होतं. आणि सकाळी, तलावात, तो खड्डा नव्हता. तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं, आता आलं. कुणीतरी तो बुजवला होता. वॉली न थांबता पुढे गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेन स्वतः आला. तिने कंपनीला फोन करून नुसतं 'नाही' म्हटलं होतं, आणि डेन योगायोगाने ॲडलेडातच होता, द्राक्षमळ्यात जेवायला आलेल्या लोकांपुढे गायला. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात गरम चिप्सचं पुडकं होतं, आणि व्हिनेगरच्या वासाने ग्लेनिसला क्षणभर पंचवीस वर्षांची करून सोडलं.

"ग्लेन! अगं, तशीच आहेस."

"नाहीये. आत ये, माश्या येतील."

तो बसला. टोपी गुडघ्यावर. त्याचे केस गेले होते, पण तो केस असल्यासारखाच मान झटकत होता, आणि तिला ते बघून त्याच्याबद्दल उगाचच माया वाटली.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"पाण्यात होते. कानात गेलं."

"मग?"

"छान गायलायस."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. "खरंच?"

"खरंच. पूर्वीपेक्षा बरा गातोस. पूर्वी आरशात बघून गायचास."

तो मोकळेपणी हसला आणि चिप्स तिच्यापुढे सरकवल्या. "मग अडलंय कुठे? सही कर आणि मोकळी हो."

"वॉली थांबतो, तिथे काय केलंत तुम्ही?"

"कुठे?"

"शेवटच्या कडव्याआधी."

"हां, ते! तिथे ताल तुटला होता ना. स्टुडिओतल्या पोरीने कॉम्प्युटरवर नीट केला. कळतसुद्धा नाही."

"तुटला नव्हता. तो थांबला होता. माझ्यासाठी."

डेनने चिप्स तोंडात घालता घालता थांबून खाली ठेवल्या. खरोखरच वाईट वाटलं त्याला, ते तिला दिसलं. पण तो हरणाऱ्यातला नव्हता. "बरं, ते परत घालू," तो म्हणाला. "सांगतो मी त्यांना. पण ग्लेन, नीट विचार कर. तुझी ती जुनी रेकॉर्ड कोण ऐकणार आहे? रागावू नकोस, पण इतक्या वर्षांत कुणी ऐकली? माझं नाव आहे म्हणून लोक कान देतील. तुझी गाणी ऐकतील, वॉलीचा हात ऐकतील. त्याच्यासाठी तरी."

हे लागलं. कारण ते खरं होतं. किराच्या आईने ऐकलं असतं, किराने ऐकलं असतं, तलावातल्या सगळ्या बायकांनी हात वर करून ऐकलं असतं. वॉलीला काय हवं होतं? त्याला तर ती दर नाताळात सगळ्यांना ऐकवायची असायची. ग्लेनिस खिडकीबाहेर बघत राहिली. कुंपणावर दोन गुलाबी काकाकुवे एकमेकांना ढकलत होते. ह्या माणसाला कधी नाही म्हटलं होतं का आपण? गाडीपाशी, तोंड पोळलेलं असताना, 'जाऊ नका' म्हणायचं सुचलं नव्हतं. पण 'जा' असंही म्हटलं नव्हतं. तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं. जे म्हणायचं होतं ते सगळं त्या हॉलमध्ये म्हटलं होतं, आणि ते म्हणणारा आवाजच ह्यांनी काढून टाकला होता.

"वॉलीला ती ऐकवायची होती," ती म्हणाली. "ती. ही तुमची नाही. इतकी वर्षं लोक म्हणाले, ह्या रेकॉर्डमध्ये डेन नाही. मीही तेच म्हणायचे. खोटं नाहीच ते, नव्हतास तू. पण तेवढ्यावर कसं भागेल? तू नव्हतास, तर कोण होतं? आम्ही होतो ना तिथे, डेन. आम्ही काही तुझी जागा धरून बसलो नव्हतो."

"अगं पण मी असं कुठे..."

"नाही. सही नाही. ते एक गाणं बाजारात सोडलंयत तेही मागे घ्या. वॉलीचं थांबणं परत घातलंत तरी नाही."

"मग ती रेकॉर्ड अशीच मरेल."

"ती मेलेली नाही. तुम्ही कुणी ऐकली नाहीत म्हणून मेली होय?"

पुढे कंपनीने ते गाणं गुपचूप मागे घेतलं. 'ब्रिज अप' परत निघाली नाही, अजूनही निघालेली नाही. क्वचित कुठल्यातरी जुन्या दुकानात एखादी प्रत मिळते, आणि ग्लेनिस आता ते मेलबर्नवाल्याचं वाक्य कुणाला सांगत नाही. चुकून कुणी काढलंच तर ती म्हणते, "हो, नोटीसच होती. नीट वाचली असतीत तर बरं झालं असतं." पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ती एकदम त्याच्याकडे वळून म्हणाली, "तू ऐकलीस कधी? पूर्ण?"

डेनने चष्मा काढून शर्टाला पुसला. "लंडनला मिळत नव्हती गं."

"आणि आता? त्यावर गाऊन आलास, तेव्हा?"

"आता त्यांनी..." तो अडखळला. "मला तुझा आवाज काढूनच पाठवलं होतं. गायला सोपं जावं म्हणून."

खोलीत चिप्स गार होत होत्या. ग्लेनिस उठली. तिने पहिल्या बाजूवर सुई टेकवली. "पहिली दोन टाकाऊ आहेत," ती म्हणाली, "तीही ऐक." आणि समोर बसली. तो आधी चेहऱ्यावर हसू ठेवून ऐकत होता, आजाऱ्याला भेटायला गेल्यावर ठेवतात तसं. पहिल्या गाण्यात त्याने स्वतःची नक्कल ओळखली आणि भुवया उचलल्या. तिसऱ्यात ते हसू गळून पडलं, आणि त्याने ते परत लावलं नाही. भोंगा वाजला तेव्हा दचकून खिडकीकडे बघितलं. 'मीठ' लागल्यावर त्याचा हात गुडघ्यावर ताल धरायला लागला, तोंडात शब्दही हलायला लागले. पाठच होते त्याला. तसाच ताल धरत तो शेवटच्या कडव्याशी आला. आणि वॉली थांबला. डेनचा हात मात्र खाली आला, एकटाच, एकदा, त्या शांततेत टोपीवर थप् करून आपटला. त्याने हात वर घेतला आणि हवेत धरून ठेवला. ती मुलगी आवंढा गिळते ते नीट ऐकू येत होतं. मग ती गायली.

बाजू संपली. सुई मधल्या चकतीपाशी खरखरत राहिली.

"तू सुराच्या खाली लागली होतीस," डेन म्हणाला.

"हो."

"मी असतो तर उचलून धरलं असतं."

"माहीत आहे मला. म्हणून तर म्हणते, नव्हतास ते बरं झालं."

त्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. पण तो नुसता बघत राहिला, तिच्याकडे, मग वेष्टनावरच्या फोटोकडे, मधल्या जागेकडे. मग त्याने टोपी उचलली आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागला. म्हातारा दिसला एकदम. "निघतो मी," तो म्हणाला. "आमचे लोक वाट बघत असतील."

"बघू दे," ग्लेनिस म्हणाली, आणि रेकॉर्ड उचलून तिने ती उलटली. "बस खाली. दुसरी बाजू आहे अजून."